एक गोधडी, चार सुया

गेले सहा शनिवार मी काय करतोय, ओळखा पाहू? ट्रेक नाही, सिनेमा नाही, सोमवारच्या रिलीजची तयारी तर नाहीच नाही. मी गोधडी शिवतोय. हसून घ्या. ऑफिसातले सगळे हसून झालेत :)

झालं असं, की आजीला जाऊन वर्ष झालं आणि आईने तिची ट्रंक उघडली. आत धुऊन धुऊन मऊसूत झालेली सुती लुगडी. "बोहारणीला देऊन टाकते," आई म्हणाली. आजीच्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं, हा व्यवहार काही मला पटेना. म्हटलं, गोधडी करून घेऊ. शिवून देणाऱ्या एक मावशी मिळाल्या. त्यांनी मजुरी सांगितली आणि मी, न जाता जिमचे पैसे भरणारा माणूस, चक्क घासाघीस करायला लागलो! मावशी शांतपणे म्हणाल्या, "एक स्वतः शिवून बघा, मग भाव करा."

बसलो शिवायला.

गोधडी वरवर एकदम सोपी वाटते. खाली एक लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या कापडांचे थर, सगळ्यात वर पुन्हा एक बरंसं लुगडं. मग कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचं. टाके नुसते शोभेचे नसतात, थर सरकू नयेत म्हणून असतात. थरांत हवा अडकते, तीच ऊब. पण एवढं मोठं कापड एकट्याला आवरत नाही हो! इकडे ताणलं की तिकडे चुणी. पहिला शनिवार नेढ्यात दोरा ओवण्यात आणि बोटं टोचून घेण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी आईने न राहवून दुसरं टोक धरलं. तिसऱ्याला शेजारच्या काकू "अरे, टाका आहे की उडी!" म्हणत येऊन बसल्या. चौथ्याला बाबा आले. आधी चहा घेऊन, मग सुई घेऊन.

आता खरी गोष्ट. वर्षभर आई आजीबद्दल जवळजवळ बोललीच नव्हती. मी विषय काढला की काहीतरी कामाला उठायची. पाचव्या शनिवारी एका हिरव्या लुगड्यावर टाके घालता घालता, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या वेळी हेच नेसून दवाखान्यात तीन रात्री बसल्या होत्या त्या. आणि शेवटी शेवटी मी किती चिडायचे रे त्यांच्यावर..." कोणीच काही बोललं नाही. काकूंनी दोरा ओवून सुई तिच्या हातात दिली.

मला वाटतं आपलं इथेच चुकतं. माणसं भेटावीत म्हणून आपण गेट-टुगेदर ठरवतो, हॉटेलात समोरासमोर बसतो आणि दहा मिनिटांत मोबाइल काढतो. नजर कापडावर असली, हाताला सगळ्यांचं मिळून एकच काम असलं, की अवघड गोष्टही बोलता येते. आणि गप्प बसलं तरी चालतं.

माझा एक मित्र म्हणतो, "यापेक्षा स्वस्तात ब्लँकेट येतं. आणि आज्यांना काय हौस होती? पैसे नव्हते म्हणून शिवायच्या." अगदी मान्य! अमेरिकेत अलाबामामध्ये गीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामीत राबलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांची. तिथल्या बायका शेतातल्या विटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, कारण थंडी वाजायची. त्या भागात १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि गोधड्यांचे पैसे मिळू लागले. २००२ साली गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. म्हणजे गरजेपोटी केलेल्या कामातही सौंदर्य असतं, सोबत असते. पण त्याचं कौतुक करताना मजुरी विसरायची नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शिवायचं असेल तर एकट्याने कोर्स लावून नको, चौघांत बसून शिवा. आणि शिवून घ्यायचं असेल तर भाव करू नका. मी मावशींकडे परत गेलो, चूक कबूल केली आणि उरलेल्या लुगड्यांची दुसरी गोधडी त्यांना शिवायला दिली, त्या म्हणतील त्या पैशांत. माझे टाके बघून त्या पोटभर हसल्या. असो.

आमची गोधडी अजून मध्यापर्यंत पोचायची आहे. एका कोपऱ्यात माझी ओळ साफ वाकडी गेलीय. काल आईला विचारलं, "उसवू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना चाललं नसतं. पण राहू दे."