घरच्यांसाठी हात उचलाल? उत्तर ‘हो’ आहे. खरा प्रश्न त्याच्या आधीचा

‘तुमच्या मुलाला कुणी हात लावला तर काय कराल?’ हा प्रश्न कट्ट्यावर विचारा, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारा किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ‘सोडणार नाही’ हेच उत्तर येईल. एरवी कुणाला चढ्या आवाजात न बोलणारा माणूसही हेच सांगेल, आणि बहुधा तो खरेच बोलत असेल.

सामान्य माणूस कुटुंबासाठी किंवा देशासाठी हिंसा करेल का, ही चर्चा नेहमी धाडसापाशी येऊन थांबते. ‘हिंमत आहे का?’ एवढेच आपण विचारतो. पण महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव पाहिला तर हात उचलणारे कमी पडलेले नाहीत. कमी पडला तो हात उचलण्याआधी विचारायचा एक प्रश्न: धोका खरा आहे, हे मला कुणी सांगितले?

कायदा आपले हात बांधतो का?

‘स्वतःला वाचवायला मारले तरी आपणच आत जाणार’, असा समज सर्रास आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी बचावाच्या हक्काची कलमे आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. हा हक्क फक्त स्वतःच्या जिवापुरता नाही. दुसऱ्याच्या जिवासाठी आणि मालमत्तेसाठीही तो वापरता येतो. तो दुसरा नात्यातला असो वा रस्त्यावरचा अनोळखी.

कलम ३८ तर आणखी पुढे जाते. जीव जाण्याची किंवा जबर दुखापत होण्याची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही. रात्रीच्या घरफोडीबाबत कलम ४१ मध्ये अशीच मुभा आहे. दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की समोरून हल्ला होत असताना नागरिकाने भित्र्यासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्या क्षणी केलेला प्रतिकार नंतर सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले.

मर्यादा मात्र आहेत, आणि त्या समजायला सोप्या आहेत:

• पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हातात असेल तर हा हक्क मिळत नाही (कलम ३७).
• बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.
• जिवाच्या धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती संपली की तोही संपतो (कलम ४०).

म्हणजे अंगावर सुरा घेऊन आलेल्या चोराला काठीने आडवा केला तर तो बचाव. तोच चोर पकडला गेला, त्याला खांबाला बांधले आणि मग आळीपाळीने मारले, तर तो गुन्हा. दोन्ही वेळी माणसे तीच, काठीही तीच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी धोका संपलेला होता.

राईनपाड्यात काय घडले?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडी बाजार. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. ‘मुले पळवणारी टोळी फिरतेय’ अशा संदेशांनी परिसर आधीच तापला होता. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसल्याचे निमित्त झाले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबले गेले आणि तिथेच पाचही जणांना जमावाने ठार मारले.

मारणाऱ्यांमध्ये कुणी सराईत टोळी नव्हती. बाजाराला आलेली माणसे होती. त्यांच्यातल्या अनेकांना त्या क्षणी आपण पोरांना वाचवतोय असेच वाटत असणार. म्हणूनच ही घटना जास्त अस्वस्थ करते.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाउनमध्ये, पालघरच्या गडचिंचले गावात तेच झाले. अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवेमुळे गावकरी आधीच पहारा देत होते. पहारा देण्यात गैर काहीच नाही. पण तिथे तर पोलीस पोहोचले होते आणि तरीही हात थांबले नाहीत.

‘चुकून झाले’ हा बचाव चालतो?

अपहरण रोखताना जीव घेण्याची मुभा कायदा देतो. मग राईनपाड्यातला माणूस म्हणू शकतो का, की ‘मला खरेच वाटले ते मुले पळवणारे आहेत’?

वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक चूक झाली असेल तर कायदा ती विचारात घेतो (कलम १७). मात्र ती चूक सद्भावनेने झालेली असावी लागते, आणि सद्भावनेची कायद्यातली व्याख्या आपल्या रोजच्या अर्थापेक्षा कडक आहे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे कायदा मानत नाही. ‘मनात वाईट नव्हते’ एवढे पुरत नाही. खात्री करण्यासाठी काय केले, तेही पाहिले जाते. आणि समोरचा माणूस खोलीत बंद, निःशस्त्र आणि आपल्या ताब्यात असेल, तर धोका संपलेला असतो. तिथे चुकीचा प्रश्नही उरत नाही.

‘ग्रुपवर आले होते’ हे पुरेशी काळजी घेतल्याचे लक्षण नाही. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवा: दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. तो कराचीत बनवलेल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, हा शेवट कापून टाकलेला होता.

इंजिनीअरिंगमध्ये अलार्मबद्दल एक साधी गोष्ट शिकवतात. अलार्म जितका संवेदनशील, तितका तो विनाकारण जास्त वाजणार. धुराचा अलार्म उगाच वाजला तर फार तर सगळे जिने उतरून खाली येतात, म्हणून तो संवेदनशील ठेवणे परवडते. पण अलार्म वाजताच पाण्याऐवजी गोळी सुटणार असेल, तर तो असा ठेवता येत नाही. आई-बापाची काळजी हा जगातला सर्वांत संवेदनशील अलार्म आहे आणि तो तसाच असायला हवा. त्याला थेट हिंसा जोडली की घात होतो.

‘पण पोलीस येतच नाहीत, त्याचे काय?’

हा आक्षेप खोटा नाही. नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीने अक्कू यादव या गुंडाची दहशत वर्षानुवर्षे सोसली. बलात्काराच्या तक्रारींना दाद मिळत नव्हती. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले असता वस्तीतल्या महिलांच्या जमावाने त्याला तिथेच संपवले.

राईनपाडा आणि कस्तुरबानगर एकाच तागडीत टाकता येणार नाहीत. तिथला धोका फॉरवर्डमधून आलेला नव्हता, तो दारात उभा होता. तरीही कायद्याच्या भाषेत तो बचाव नव्हता, कारण अक्कू तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता. त्या घटनेकडे मी शौर्यकथा म्हणून पाहू शकत नाही. तक्रार वेळेवर घेतली असती तर त्या बायकांवर ही वेळ आली नसती. जिथे पोलीस ठाणे काम करत नाही तिथे जमाव काम करू लागतो, आणि पुढचा जमाव योग्य माणसालाच धरेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

देशासाठी लढाल का?

विन-गॅलप इंटरनॅशनलने २०१४ च्या अखेरीस ६४ देशांत हाच प्रश्न विचारला होता. भारतात ७५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, युक्रेनमध्ये ६२ आणि जपानमध्ये अवघे ११ टक्के. पण सर्वेक्षणातला होकार आणि खंदकातला होकार यांत अंतर असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर युक्रेनमध्ये शिक्षक, प्रोग्रॅमर, दुकानदार बंदुकीसाठी रांगेत उभे राहिले. युद्ध लांबले तसे भरतीला माणसे कमी पडू लागली, अनेकजण ती टाळू लागले आणि एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणावे लागले. पहिल्या आठवड्यातली माणसे खोटी नव्हती. जोश आठवड्याचा असतो, युद्ध वर्षांचे.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव पेटला तेव्हा सरकारने नागरी संरक्षणाचा सराव घेतला. त्यात सामान्य माणसाकडून काय मागितले? दिवे बंद करा, सुरक्षित जागी जा, जखमींना प्रथमोपचार द्या. हत्यार कुणी मागितले नाही. मोबाइलवर मात्र त्याच दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरत होती. त्याआधी, पहलगाम हल्ल्यानंतर, काही राज्यांत शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांनी धमक्या आणि मारहाणीच्या तक्रारी केल्या. त्यांच्यावर हात टाकणाऱ्यांनाही आपण देशाचे रक्षण करतोय असेच वाटत असावे. हल्लेखोर पहलगामच्या कुरणात होते, वसतिगृहात नव्हते.

वाचवणे म्हणजे मारणेच का?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल हातांनी धरून ठेवली. त्यांच्याकडे फक्त लाठी होती. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, असायलाच हवे. पण त्याच रात्री सीएसटीचे उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गर्भवतींना सुरक्षित ठेवले. दोघांच्याही हातात हत्यार नव्हते.

आणि राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावात जमावाने मुले पळवणारे समजून पाच जणांना घेरले. त्यांत दोन वर्षांचे मूलही होते. स्थानिकांनी त्यांना घरात घेतले, पोलिसांनी जमाव रोखला आणि पाचही जण वाचले. तेही सामान्य लोकच होते. त्यांनीही कुटुंबाचेच रक्षण केले, फक्त ते कुटुंब त्यांचे स्वतःचे नव्हते. त्या दिवशी सर्वांत जास्त हिंमत कुणाला लागली असेल, तर ती जमावाकडे पाठ न फिरवता दार उघडणाऱ्यांना.

म्हणून ‘हात उचलाल का?’ यापेक्षा तीन साधे प्रश्न आपण स्वतःला आत्ताच, शांत डोक्याने विचारून ठेवायला हवेत. धोका मी डोळ्यांनी पाहतोय की स्क्रीनवर? तो या क्षणी आहे की टळून गेला? ११२ ला फोन करण्याइतका वेळ आहे का? अंगावर हल्ला आला तर ही उत्तरे क्षणात मिळतात आणि कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. उत्तर मिळायला ग्रुप उघडावा लागत असेल, तर हात खिशातच राहू द्या आणि आधी फोन लावा.