विश्लेषण : विंडोज १० ला निरोप देऊन लिनक्सकडे वळताना सॉफ्टवेअर बसवण्याच्या सवयी का बदलाव्या लागतात?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नियमित अपडेट देणे थांबवले. त्यामुळे जुना संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स बसवण्याचा पर्याय पुन्हा चर्चेत आला आहे. लिनक्स बसवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. नवख्यांची अडचण होते ती त्यानंतर, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचे आणि अद्ययावत कसे ठेवायचे, या प्रश्नावर.

जुन्या संगणकांची अडचण काय?

विंडोज १० चे संगणक चालू आहेत, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी त्यांत दुरुस्त होणार नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवण्याची सोय कंपनीने दिली, पण ती तात्पुरती आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही अट साधारणपणे आठव्या पिढीपासून पूर्ण होते. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक सुस्थितीत असूनही अपात्र ठरतात.

लिनक्स म्हणजे नेमके काय घ्यायचे?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेला लिनक्स हा प्रणालीचा गाभा आहे. त्याभोवती इतर सॉफ्टवेअर जोडून उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा अशी ‘वितरणे’ तयार होतात. नवख्यांनी दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती घेणे सोयीचे. उबुंटू २४.०४ आणि तिच्यावर आधारलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, हार्ड डिस्कला हात न लावता ही वितरणे वापरून पाहता येतात. वाय-फाय, प्रिंटर, आवाज नीट चालतो का, हे तेव्हाच तपासावे.

सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत कशी वेगळी?

विंडोजवर संकेतस्थळ शोधायचे, फाइल उतरवायची आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचे, ही सवय असते. बनावट संकेतस्थळे आणि व्हायरस याच वाटेने शिरतात. लिनक्सवर बहुतेक सॉफ्टवेअर वितरणाच्या अधिकृत भांडारातून येते. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. मोबाइलवरच्या प्ले स्टोअरसारखेच हे, फक्त त्याच्या खूप आधीपासून चालत आलेले. भांडारातील मजकुरावर डिजिटल स्वाक्षरी असते. ती जुळली तरच सॉफ्टवेअर बसते आणि त्याला लागणारे इतर घटकही आपोआप येतात. हे काम ‘पॅकेज मॅनेजर’ करतो. उबुंटू, मिंट, डेबियनमध्ये त्याचे नाव ‘ॲप्ट’ आहे. टर्मिनल नको असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरच्या खिडकीतूनही तेच काम होते.

अपडेट आणि अपग्रेड यांत गोंधळ का होतो?

‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा दिल्यावर काहीच अद्ययावत होत नाही. भांडारात कोणत्या आवृत्त्या आल्या आहेत, याची यादीच तेवढी ताजी होते. प्रत्यक्ष नव्या आवृत्त्या बसतात त्या ‘ॲप्ट अपग्रेड’ने. पहिल्या आज्ञेवर थांबणारा वापरकर्ता आपण सुरक्षित आहोत या भ्रमात राहतो. मात्र या दोन टप्प्यांत भांडारातले ब्राउझर, ऑफिस आणि प्रणालीचा गाभा असे सगळेच अद्ययावत होते. भांडाराबाहेरून बसवलेल्या सॉफ्टवेअरला हे संरक्षण मिळेलच असे नाही. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये चिकटवणे, तीही ‘सुडो’ लावून, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणे.

भांडारावर विसंबता येते का?

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात जाणीवपूर्वक पेरलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आढळला. तो काही वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत शिरलेला नव्हता. भांडारालाही धोका असतो, हे यातून दिसले आणि सर्वांत नव्यापेक्षा स्थिर आवृत्ती घेण्याचे कारणही.

कोणी घाई करू नये?

टॅली, फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जुने प्रिंटर यांचीही आधी खात्री करावी लागते. युनिकोड मराठी व्यवस्थित चालते आणि इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. पण श्रीलिपीसारख्या प्रणालींतील जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइल त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

यापूर्वीचे अनुभव काय सांगतात?

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा. सॉफ्टवेअर न जुळणे आणि कर्मचाऱ्यांची नाराजी ही त्यामागे सांगितलेल्या कारणांपैकी होती. केरळने मात्र सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणताना शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पाठ्यपुस्तकेही त्यानुसार बेतली आणि तेथे ते टिकले. घरच्या संगणकालाही हेच लागू पडते. प्रणाली फुकट मिळते, पण ती वापरायला शिकण्यासाठी वेळ द्यावा लागतो. फाइलींची प्रत बाजूला काढून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा अपडेट पाहणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते.