एकोणीस तासांचं माणूस

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी मे २०२४ मध्ये आपलं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं. गोव्यातलं पहिलंच. दुपारच्या डब्यावर आमच्या ऑफिसात त्यावर चर्चा झाली. (आमच्याकडे कशावर होत नाही म्हणा!) बरं होण्याची आशा नसेल तर माणसाला यंत्रांवर लटकवून ठेवू नये, हे बहुतेकांना पटलं. मी गप्प होतो. जे काल जन्मलं आणि उद्या जाणार आहे, ज्याला सही सोडा, बोलताही येत नाही, त्याचं काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा मार्ग मोकळा केला आणि २०२३ साली त्यातली कटकट थोडी कमी केली. इच्छापत्र मात्र सज्ञान माणसाचं. ज्याचं ते नाही, त्याच्याबाबत डॉक्टरांची मंडळं आणि घरची माणसं यांनी मिळून ठरवायचं. मी कारकून आहे, कागदाची किंमत मला ठाऊक आहे. पण हा कागद बाळंतिणीच्या खाटेपर्यंत कधी पोचणार?

२००९ साली आमची पहिली मुलगी एकोणीस तास जगली. दोन्ही मूत्रपिंडं नव्हती, त्यामुळे फुप्फुसंही वाढली नव्हती. इस्पितळाचं नाव घेत नाही. ती वाचली नाही ही माझी तक्रार नव्हेच, ती वाचणार नव्हती. तक्रार आहे ती त्या एकोणीस तासांबद्दल. आमची ही वरच्या मजल्यावर, मुलगी खालच्या, आणि मी जिन्यावर फॉर्म घेऊन. काही उपयोग नाही हे दुपारीच कळलं होतं, तरी रात्रभर टाचेला सुई टोचून रक्त काढणं चालूच होतं. कशासाठी? कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वॉर्डातली एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळंतिणीक दाखोव नाकात, मागीर विसरूंक जावचें ना." मी ऐकलं. हिच्या हातात मुलगी आली ती पांढऱ्या कापडात, गार झाल्यावर.

तिसऱ्या दिवशी हिला दूध आलं. घट्ट बांधून ठेवा, इतकंच सांगण्यात आलं.

वाळपईला परतलो तर जो तो एकच म्हणे, "दुसरं होईल." आमच्याकडे तान्ह्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. श्राद्ध नाही. सटीची रात्रच आली नाही, म्हणजे तिच्या कपाळावर काही लिहिलंच गेलं नाही! इस्पितळाला नावं ठेवताना आपण आपला हा रिवाज विसरतो. ज्याच्यासाठी रडायची सोय नाही, त्याच्या शेवटच्या तासांची सोय कोण करणार?

नवजात बाळाला दुखत नाही, असं १९८०च्या दशकापर्यंत मोठमोठे डॉक्टरही मानत. पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या अभ्यासाने १९८७ साली ती समजूत खोटी ठरवली. म्हणजे आमच्या मुलीच्या आधी बावीस वर्षं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आपल्या देशात मुलगी नकोशी असते, व्यंग असलेलं मूल नकोसं असतं, गरिबाला बिल परवडत नाही. उद्या "आता आशा नाही" हीच पळवाट होईल. होऊ शकते. म्हणूनच तो निर्णय एकट्या बापाचा नको, एकट्या डॉक्टरचाही नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी केले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जी बाळं आपण दैवावर सोडत होतो, त्यातली कितीतरी ऊब, आईचं दूध आणि वेळेवर दिलेलं औषध यांनी जगली. आणि गंमत बघा, जे वाचणार नाही त्यालाही हवी असते ती ऊबच. आईच्या छातीची. शक्य असेल तर जिभेवर दुधाचे थेंब, दुखत असेल तर वेदनाशामक. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात झटकणं नव्हे, सुई काढून हात पुढे करणं.

मुंबईच्या सायन इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. आयुष्यभर नवजात बाळांना वाचवणाऱ्या या बाईंनी आपली मुलगी रोमिला कर्करोगाने गेल्यावर तिच्याच नावाने वांद्र्याला पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र सुरू केलं. त्यांना यात विसंगती दिसली नाही.

मी काही नवी इमारत मागत नाही. नवजात विभागाला लागून एक खोली, तिला दार, आत एक आरामखुर्ची. आईला तिथवर नेण्याचा लेखी नियम. नर्सच्या मर्जीवर नको, नियमच हवा. आईला "दाखवू का?" असं विचारायची मुभा नवऱ्याच्या हातात तर मुळीच नको. मी ती कशी वापरली ते वर लिहिलंच आहे.

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे तासभर जगलेल्या बाळाच्याही दोन नोंदी होतात. आमच्याकडे ते दोन्ही दाखले आहेत. जन्माच्या दाखल्यात नावाची जागा कोरी आहे. हिने नाव ठरवलं होतं. मला ते नऊ वर्षांनी सांगितलं.