मुलांची जबानी

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी छापील गोष्टीला जागा मिळवून दिली, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. परंतु या दीर्घ परंपरेत थोरांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींनी जेवढी पाने व्यापली, त्या मानाने मुलांनी स्वतः रचलेल्या गोष्टींच्या वाट्यास फारच थोडी आली. ही उणीव आमच्या पालघर जिल्ह्यात तरी राहावयास नको होती.

कारण बालशिक्षणाच्या कामाचा थोर वारसा आमच्या दारीच आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचा ध्यास घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ते गुरांमागे गेले असेल तर कुरणात जावे, आणि शिंपले, बिया, पाने जे हाताशी सापडेल त्यातून शिकवावे, असा शिरस्ता या दोघींनी घातला. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींना कोवळ्या वयात अद्भुतकथा इष्ट वाटत नसत. गिजुभाईंनी त्यांची पद्धती शिरोधार्य मानूनही बालमंदिरात गोष्टीला मानाचे आसन दिले, आणि त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील मास्तर गोष्टीच्याच बळावर वर्गाची मने जिंकतो. त्यापुढचे पाऊल आपण टाकावयाचे आहे : गोष्ट ऐकणारे मूल गोष्ट सांगणारे व्हावे.

तारापूरच्या किनाऱ्यावरील एका वस्तीत, बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली बसलेल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलीने आम्हांस गोष्ट सांगितली. एका बोंबलाला वाळावयाचे नव्हते. त्याने कावळ्याला हाक मारली. कावळा बोलला, मी तुला सोडवतो, पण मग तुला खाणार. एवढे सांगून ती थांबली, आणि बराच वेळ थांबली. अशा वेळी थोरांच्या जिभेवर पुढचे वाक्य तयार असते, ते गिळावे लागते. ‘मग?’ एवढेच विचारून आम्ही स्वस्थ राहिलो. तेव्हा ती उत्तरली, ‘मग बोंबील बोलला, उद्या खा.’ वहीत उतरवून घेतलेली तिची गोष्ट वाचून दाखविताना आमच्या तोंडून सवयीने ‘म्हणाला’ आले, तेव्हा तिने लगेच अडविले : ‘म्हणाला नाय, बोलला.’

साक्षीदाराची जबानी जशी उतरवून घेतात, तशीच मुलाची गोष्ट एक अक्षरही न फिरविता उतरवून घ्यावी, हे आमचे मत त्या दिवशी दृढ झाले. आमच्या शाळांतून मात्र दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहावयाची, वर शीर्षक आणि खाली तात्पर्य द्यावयाचे, हा परिपाठ अद्याप अबाधित आहे. ज्याच्यापुढे आरंभ आणि शेवट आधीच मांडून ठेवलेले असतात, त्या मुलाने रचावयाचे ते काय? आणि उद्यावर ढकलून जीव वाचविणाऱ्या त्या बोंबलाचे तात्पर्य कोणत्या परीक्षकाने मंजूर करावे?

बोईसरला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमागे परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले मराठी शाळेत वारली, वाडवळी आणि मांगेली बोलणाऱ्या मुलांशेजारी बसतात. घरची बोली एक, वर्गाची दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये ती गप्प होतात. त्यांना प्रथम घरच्या बोलीत सांगू द्यावे. प्रमाण भाषा मागाहून येईल, तिला घाई नाही.

म्हणून आमच्या यंदाच्या दिवाळी अंकात मुलांच्या गोष्टी जशा सांगितल्या गेल्या तशाच, बोलीसुद्धा, छापल्या आहेत; व्याकरणावर हात फिरविलेला नाही. पुढील वर्षासाठी ही पाने आम्ही आतापासूनच राखून ठेवीत आहोत. जिल्ह्यातील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांनी ऐकलेल्या गोष्टी कागदाच्या एका बाजूस लिहून पाठवाव्यात, सांगणाऱ्याचे वय, गाव आणि घरची बोली नोंदवावी, मजकूर त्याला एकदा वाचून दाखवावा, आणि त्याने सांगितलेला बदल तेवढा करावा. तात्पर्य लिहू नये.