नवख्याच्या हाती टाळ

चोर्ला घाटाच्या वर आणि खाली सोयरिकी जुळलेली घरे आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. माहेर खानापूरचे, सासर डिचोलीचे. मामा बेळगावात, आत्या पेडण्यात. या घरांतली मुले आता संगणकाला बुजत नाहीत. गोव्यात तर २०२१ सालापासून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजनाच आहे. यातलीच एखादी मुलगी कॉलेजात गेल्यावर म्हणते, "मला एका मुक्त प्रकल्पात काम करायचंय." आणि आईवडील विचारतात, "तिथं आपल्याला कोण घेणार?" आज या 'कोण घेणार'विषयीच बोलू.

मुक्त प्रकल्प म्हणजे ज्याची सारी कृती उघडी ठेवलेली असते. कुणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी. अट एवढीच की परवान्यातले नियम पाळावेत. लिनक्स असाच वाढला. गोव्याला हे नवे नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत परदेशस्थ गोवेकरांच्या मदतीने वापरलेले संगणक इथल्या शाळांत आले, त्यांवर लिनक्स घातले गेले, आणि ते चालते ठेवायला स्थानिक स्वयंसेवक राबले.

पण आपल्या या मुलीला रुची आहे ती वेगळ्याच गणनेत. नेहमीचा संगणक शून्य आणि एक यांवर चालतो. याहून निराळ्या रीतीने गणित सोडवता येते का, हा शोध जगभर चालू आहे. ऐकायला अवघड वाटते, पण नळाखाली कळशी ठेवून पाहा. धार कमीजास्त होत राहिली तरी कळशीत जमलेले पाणी ही आतापर्यंतच्या धारेची बेरीजच असते. आकडे कुणी मांडले नाहीत; बेरीज पाण्याने केली. बिल फिलिप्स यांनी १९४९ साली लंडनमध्ये पाणी खेळवून देशाच्या अर्थव्यवहाराचे गणित दाखवणारे यंत्र उभे केले होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ साली समीकरणे सोडवणारा अ‍ॅनालॉग संगणक बांधला. त्यात पाण्याच्या जागी विजेचा दाब होता. १९९४ साली लिओनार्ड अ‍ॅडलमन यांनी परीक्षानळीतल्या डीएनएकडून सात गावांच्या वाटेचे कोडे सोडवून घेतले.

अ‍ॅनालॉग संगणकाला आता पुन्हा दिवस येत आहेत. जर्मनीतल्या अ‍ॅनाब्रिड या कंपनीने 'द अ‍ॅनालॉग थिंग' नावाचा टेबलावर मावणारा अ‍ॅनालॉग संगणक केला आणि त्याचे नकाशे सर्वांना खुले ठेवले. तो विकत घ्यायलाच हवा असे नाही. त्याच्या मुळाशी असतो ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर, बोलीभाषेत ऑप-अ‍ॅम्प. गणिती क्रिया करतो म्हणूनच त्याला ते नाव पडले. ही चिप स्वस्तात मिळते, आणि दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर कळशीची बेरीज मांडून पाहता येते. तेही नको असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिम हे मोफत सॉफ्टवेअर संगणकाच्या पडद्यावर सर्किट चालवून दाखवते.

आता मूळ प्रश्न. अशा ठिकाणी नवख्याला काय स्थान?

आपल्याकडे भजनाला बसलेल्या नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी पखवाज देत नाहीत. टाळ देतात. टाळ धरता धरता त्याला लय कळते, आणि कुठे बेताल होते तेही कळते. मुक्त प्रकल्पातही पहिले काम टाळाचेच असते. लिहिलेली कृती जशीच्या तशी करून पाहायची आणि जिथे अडेल तिथे थांबून लिहायचे: माझ्याकडे काय सामान होते, मी काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. चार ओळी, पण नेमक्या.

जुन्या सॉफ्टवेअरची वाट लाखो पावलांनी मळलेली असते. या नव्या क्षेत्रात ती मोजक्याच जणांनी तुडवलेली आहे. करणाऱ्याला सगळे पाठ असते, म्हणून कृतीतली गाळलेली पायरी त्याला दिसत नाही. नवख्याला ती पहिल्याच दिवशी ठेच लागून सापडते. त्याचे न कळणेच तिथे कामाला येते. शिवाय अ‍ॅनालॉग सर्किट हवेला जागते. उष्म्याने, दमटपणाने त्याचे उत्तर थोडे सरकते. डिचोलीच्या आषाढात ते किती सरकले, हे जर्मनीतल्या कोरड्या खोलीत बसून कुणाला कळणार? रोज एका वेळी मोजून लिहिलेली वही हे तिथे खरे योगदान ठरेल.

दुसरे भांडवल आपल्या घरातच आहे: दोन भाषा. कळशीच्या बेरजेला आपण संकलन म्हणतो, कन्नडमध्ये अनुकलन. 'कलन' दोन्हींत आहे. संगणक आणि गणकयंत्र यांच्यातही 'गण' तोच. कृती सोप्या मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून देणारी मुले अशा प्रकल्पांना सहज मिळत नाहीत. आईला एका भाषेत आणि आजीला दुसऱ्या भाषेत समजावण्याची सवय असलेल्या पोरांना हे काही जड नाही.

पैशाचेही स्पष्ट बोलू. डिचोलीने २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्यावर काय होते ते पाहिले आहे. तिथल्या बापाने मिळकतीचे विचारले तर चुकले कुठे? बहुतेक मुक्त प्रकल्पांत पगार नसतो. गूगलचा समर ऑफ कोड आणि फॉसीची फेलोशिप यांसारख्या ठिकाणी निवड झाल्यास विद्यावेतन मिळते. पण त्या भरवशावर शिक्षण सोडू नये. मिळते ते एवढे, की केलेले प्रत्येक काम नावानिशी, तारखेनिशी नोंदले जाते आणि उद्या कुणीही ते उघडून तपासू शकतो.

म्हणून आईवडिलांना सांगणे इतकेच. आठवड्याचे तीन तास ठरवून द्या. सर्किट बॅटरीवरच करू द्या, घरातल्या विजेला जोडू नका. पहिल्या पत्राला महिनाभर उत्तर आले नाही तर चिडवू नका. पलीकडची माणसेही फावल्या वेळात काम करतात. आणि 'कोण घेणार' असे पुन्हा विचारू नका. तिथे दारावर कुणी बसलेले नसते. आत जाऊन टाळ उचलायचा असतो.