तटावरची नावे

वुर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत ४५० किलोमीटरांहून थोडा लांब असा जो रस्ता दक्षिण जर्मनीतून जातो, त्याला 'रोमँटिक मार्ग' हे नाव १९५० साली मिळाले, आणि तेही युद्धात बेचिराख झालेल्या मुलखात परदेशी पाहुण्यांची पावले पुन्हा वळावीत एवढ्याच व्यावहारिक हेतूने. परंतु ही युक्ती अशी काही फळाला आली की, त्या वाटेने मोटारीतून जाणारा प्रवासी आपण एखाद्या प्राचीन राजमार्गावरून चाललो आहोत अशाच समजुतीत असतो. मीही होतो. गाडी भाचा चालवीत होता, मी नकाशा मांडीवर धरून बसलो होतो, आणि त्या नकाशाचा काडीचाही उपयोग नसल्याचे मला सांगण्याचा उद्धटपणा त्याने केला नाही.

याच वाटेवरचे रोथेनबुर्ग हे गाव ताउबर नदीच्या खोऱ्यावर उंच कड्याच्या काठी वसले आहे. तटाबाहेरच्या वाहनतळावर गाडी ठेवून आम्ही वेशीतून आत शिरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि पर्यटकांचा लोंढा ऐन भरात होता. 'प्लोनलाइन' नावाचा जो छोटासा तिठा आहे, जिथे एक पिवळे, किंचित कललेले लाकडी चौकटीचे घर दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभे आहे आणि दोन्ही रस्त्यांच्या टोकांना एकेक वेशीचा मनोरा दिसतो, तिथे छायाचित्र काढण्यासाठी माणसे रांग लावून उभी होती. दुकानादुकानांतून 'श्नेबाल' म्हणजे बर्फाचा गोळा या नावाचा पदार्थ मांडलेला होता. कणकेच्या पट्ट्या गुंडाळून, तळून, वर पिठीसाखर भुरभुरलेला हा गोळा आपल्या चिरोट्याचा दूरचा, काहीसा राकट नातेवाईक म्हणावा लागेल. पहिल्या घासालाच त्याची निम्मी साखर माझ्या कोटावर आली. नगरभवनाच्या चौकात घड्याळाचे ठोके पडताच दोन झरोके उघडले, एकातून सेनापती आणि दुसऱ्यातून नगराध्यक्ष प्रकट झाला, अध्यक्षाने पेला ओठाला लावला आणि जमावाने हात उंचावून ते दृश्य टिपून घेतले.

"मामा, हे गाव नाही, देखावा आहे," भाचा म्हणाला. "संध्याकाळी बसगाड्या गेल्या की पडदा पडतो."

हा आरोप नवा नाही, आणि तो करणारे बहुधा दोन तासांत गावाबाहेर पडणारेच असतात. तरीही त्यात तथ्य किती आहे हे पाहिले पाहिजे. राजा रुडॉल्फच्या सनदेने १२७४ मध्ये स्वतंत्र नगरीचा दर्जा मिळालेले हे शहर एके काळी सधन होते. पण तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, कॅथलिक फौजांचा सेनापती टिली याने ते जिंकले आणि तीन वर्षांनी प्लेगने उरलेसुरले बळ हिरावून घेतले. सव्वातीन लिटर मद्याचा पेला एका दमात रिचवून नगराध्यक्ष नुश याने टिलीच्या रोषातून गाव वाचवले, अशी आख्यायिका आहे, आणि घड्याळातल्या त्या दोन बाहुल्या तिच्याच आहेत. या प्रसंगावर १८८१ पासून तिथे नाटकही होत आले आहे. परंतु गावाचे जुने रूप राखण्याचे श्रेय द्यायचेच तर ते त्या मद्यप्राशनापेक्षा नंतरच्या प्रदीर्घ दारिद्र्याला द्यावे लागेल. जुने घर पाडून नवे बांधायला खजिना लागतो. व्हिएन्नासारख्या संपन्न राजधानीच्या बादशहाने १८५७ मध्ये तट पाडण्याचा हुकूम काढून त्या जागी प्रशस्त राजरस्ता करवला. रोथेनबुर्गजवळ असा हौशी खर्च करण्याची ऐपतच नव्हती, म्हणून तट राहिला, गल्ल्या राहिल्या. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांच्या नजरेला हे विपन्न गाव पडले, १८७३ मध्ये आगगाडी आली, आणि ज्या जीर्णपणाची रहिवाशांना लाज वाटत असे, त्याच जीर्णपणावर त्यांचा उदरनिर्वाह सुरू झाला.

म्हणजे देखावा शंभर-सव्वाशे वर्षे तरी चाललेला आहे, हे कबूल. पण भाच्याच्या शब्दाला खरे उत्तर मला तटावर मिळाले.

गावाभोवतीच्या तटाला आतल्या अंगाने लाकडी छपराखालची एक अरुंद वाट आहे. समोरून कुणी आले तर दोघांपैकी एकाने अंग चोरावे लागते, आणि तुळया इतक्या सखल की माझे डोके दोनदा आपटले. पूर्वेच्या बाजूला गेल्यावर भिंतीत बसवलेल्या चौकोनी शिळा दिसू लागतात. त्यांवर कुणाचे नाव, कुणाचे गाव, कुणाचा देश कोरलेला आहे. जपानी नावे आहेत, अमेरिकन आहेत, व्यापारी मंडळ्यांचीही आहेत. ३१ मार्च १९४५ रोजी झालेल्या बाँबवर्षावात गावाच्या पूर्व भागातली ३०० हून अधिक घरे आणि तटाचा २००० फुटांहून अधिक भाग जमीनदोस्त झाला होता. पुढे तोफा डागून उरलेले गावही उडवू नये, असे अमेरिकेच्या युद्धखात्यातील मॅक्लॉय या अधिकाऱ्याने सुचवले. त्याच्या आईने या गावाचे चित्र घरात लावलेले होते, असे सांगतात. पडलेला तट जगभरच्या देणगीदारांनी हातभर-हातभर भिंतीचे पैसे भरून पुन्हा उभारून दिला, त्यांचीच ही नावे. देवळाच्या पायरीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरे तुडवीत लहानाचे मोठे झालेल्या मराठी माणसाला यात परके काय वाटणार? मला तर ही भिंत फार प्रामाणिक वाटली, कारण आपण कुठे नवी आहोत आणि कुणाच्या पैशाने नवी आहोत, हे ती अंगावर लिहून उभी आहे. ज्याला देखावा करायचा असतो तो ठिगळ झाकतो.

मात्र माझा एक आक्षेप आहे, आणि तो भाच्याच्या आक्षेपाहून निराळा आहे. गावात 'यहुदी गल्ली' नावाचा रस्ता आजही आहे. तेराव्या शतकातला थोर यहुदी धर्मशास्त्री मेइर बेन बारुख याच गावात बरीच वर्षे राहिला. राजाने त्याला कैदेत टाकले, तो १२९३ मध्ये कैदेतच मेला आणि त्याचा देह ताब्यात मिळायला चौदा वर्षे गेली, तीही पैसे मोजल्यावर. १५२० मध्ये यहुद्यांना हाकलले. एकोणिसाव्या शतकात काही कुटुंबे परतली, तर नाझींनी या गावाला आदर्श जर्मन नगरी म्हणून मिरवत असतानाच ऑक्टोबर १९३८ मध्ये त्यांनाही घालवून दिले. तटाच्या एका मीटरचे पैसे भरणाऱ्याचे नाव वाटेवर ठळक वाचता येते. ही दुसरी नावे शोधावी लागतात. माझ्यासमोरून त्या गल्लीच्या तोंडापर्यंत तीन जथे आले, वाटाड्याने छत्री उंच धरली, आणि तिन्ही श्नेबालच्या दुकानाकडे वळले.

रात्री आम्ही गावातच राहिलो. बसगाड्या गेल्या, हे भाच्याचे भाकीत खरे ठरले. पण त्यानंतर पडदा पडला नाही. एका खिडकीत कुणी इस्त्री करत होते, बेकरीच्या मागच्या दाराशी पिठाची पोती उतरवली जात होती, आणि फरसबंदीवरून कुणाच्या तरी सायकलीचा सैल मडगार्ड खडखडत दूरपर्यंत ऐकू आला. भाचा काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही, मामा असूनही.

सकाळी न्याहारीला यजमानीणबाई कॉफी घेऊन आल्या तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, की तटाच्या एका मीटरला हल्ली किती भरावे लागतात. बाईंनी आकडा सांगितला. त्याने तो मनात रुपयांत मांडला असावा, कारण तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने आणखी एक पाव मागून घेतला.