सोनपेठच्या पोरांचे घसे एकदा तपासा

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परभणी.



2023 साली आपलं महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा आम्हा सोनपेठकरांच्या तोंडी पहिली गोष्ट खाटांचीच होती. आता पेशंट घेऊन नांदेड किंवा अंबाजोगाई गाठायला नको, असं जो तो म्हणत होता. मी मात्र खाट मागत नाही. धडधाकट पोरांसाठी लिहितोय.

मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जीवाणू पडजिभेच्या मागे, घशात राहतो. शंभरातल्या दहाएक माणसांत तो कधीही सापडू शकतो, आणि अशा वाहकांना ना ताप असतो ना खोकला. युरोप आणि तत्सम देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तेव्हा तान्ह्या बाळांत वाहकांचं प्रमाण सुमारे 4.5 टक्के निघालं, तर 19 वर्षांच्या तरुणांत जवळपास 24. बहुतेक वाहकांना काहीच होत नाही. उलट पुष्कळांची प्रतिकारशक्ती त्यातूनच तयार होते. पण क्वचित तो रक्तात उतरतो, आणि मग हातात उरतात ते तास. उपचार मिळूनही शंभरात दहा-पंधरा दगावतात. वाचलेल्यांत पाचातल्या एकापर्यंत बहिरेपण किंवा दुसरं कायमचं अपंगत्व येतं.

आता आफ्रिकेतल्या चाडची गोष्ट. तिथल्या राजधानीजवळच्या ग्रामीण भागात लसीकरणाआधी 4278 जणांचे घसे तपासले गेले. या जीवाणूचा ‘ए’ गट 32 जणांत सापडला. लसीकरणानंतर काही महिन्यांनी त्याच वस्तीत 5001 जण तपासले, तेव्हा सापडला फक्त एकात. ही लस आपल्या पुण्यातली, सीरम इन्स्टिट्यूटची. 2010 पासून आफ्रिकेतल्या साथग्रस्त देशांत 1 ते 29 वयाच्या लोकांना ती टोचली, डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. आजारी किती हे मोजून संशोधकांना थांबता आलं असतं. त्यांनी वाहक मोजले, म्हणून लसीने साथीचं मूळच कापलं हे कळलं. पुढे त्याच कंपनीची पाच गटांवरची लसही आली, आणि 2024 मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. आपल्या राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीत मात्र मेनिंगोकोकस नाही. हज यात्रेकरूंना मेनिंगोकोकसची लस टोचून घेतल्याशिवाय सौदीत पाऊल ठेवता येत नाही, तेवढ्यापुरती ती आपल्याकडे दिसते.

भारतात ही साथ येतच नाही, असं कोणी म्हणेल. दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 साली आली, मेघालय-त्रिपुरात 2008-09 मध्ये.

सोनपेठ तालुक्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. पंधरा-सोळा वर्षांची पोरं कोयता घेऊन आईबापांबरोबर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. धाकटी हंगामी वसतिगृहात, नाहीतर आजीपाशी. गर्दीची झोपायची जागा, बिडीचा धूर: वाहक वाढवणाऱ्या गोष्टी म्हणून पुस्तकात जे शिकवता, त्यातलं बरंच इथे एका कोपीत मिळेल.

म्हणून मागणं असं. तोडीला निघण्याआधी आणि गुढीपाडव्याला परतल्यावर, असं दोनदा तालुक्यातल्या 14 ते 19 वयाच्या मुलामुलींचे घशाचे स्वॅब घ्या. शाळा-कॉलेजातली पोरं घ्या, तशी तोडीवर गेल्याने शाळा सुटलेलीही घ्या. नाहीतर हजेरीपटावरच्यांचाच अभ्यास होईल आणि ज्यांच्यासाठी तो करायचा ती राहून जातील. हा जीवाणू नाजूक असतो. नमुने परभणीला नेईपर्यंत तो मरून जाऊ शकतो, तेव्हा जीवाणू वाढवायच्या प्लेटा सोनपेठलाच लावलेल्या बऱ्या. पेटत्या मेणबत्तीची बंद बरणी या कामाला आजही चालते, हे मी आपल्याला सांगणं म्हणजे आगाऊपणाच.

आणखी दोन गोष्टी सांभाळा. ज्याच्या घशात जीवाणू निघेल त्याचं नाव गावात फुटू देऊ नका. करोनात कोणाच्या दारावर काय चिकटवलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. आणि धडधाकट वाहकांना सरसकट प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटू नका. त्या गोळ्या रुग्णाच्या घरच्यांसाठी असतात. ऊठसूट वाटल्या तर उद्या त्यांनाच लागू पडणार नाहीत.

कोणता गट किती घशांत आहे, हे कळल्याशिवाय लस मागणं म्हणजे नुसता मोर्चा. आकडा हाती आला, तर 10 आणि 16 व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस टोचायला शाळेत येणाऱ्या सिस्टरच्या डब्यात आणखी एक कुपी का नसावी, हे मंत्रालयाला विचारता येईल. आपल्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आहेत, आमच्याकडे पोरं आहेत. येत्या दसऱ्याआधी एक पथक पाठवा. पालकांची संमती गोळा करायचं काम आमच्यावर सोडा.

आपला,
सोनपेठचा एक पालक